बहुतेक

तेमुकोत जुलैमध्ये धूर खिडकीपर्यंत येतो,
ओल्या लाकडांचा, घराघरातल्या शेगडीचा.
ऑपरेशन थिएटरात त्याला मज्जाव आहे,
पण एल्सिरा वेनुमान आली
ती केसांत धूर घेऊनच.
मिरची विकते ती बाजारात, धुरावर वाळवलेली.
सही करताना तिनं विचारलं होतं,
'चारच भोकं ना?'
'चारच. बहुतेक.'
बहुतेक मी जरा हळू म्हटलं.

वायू भरला, पोट तंबूसारखं वर आलं.
पडद्यावर जिथं मऊ, निळसर पिशवी दिसायची
तिथं एक गोळा:
चरबी, आतडं, यकृत एकमेकांना चिकटलेलं,
कितीतरी वर्षांच्या कळा
कुणाला न सांगता गिळलेल्या.
चिमट्यानं ओढलं की रक्त,
सोडलं की काहीच नाही.
दोन नळ्या शोधायच्या होत्या.
एक कापायची, एक जन्मभर जपायची,
आणि दोन्ही त्याच पिवळ्या चिखलात.

चाळीस मिनिटं.
शिकाऊ ऑक्टाव्हिओ म्हणाला, 'अजून एकदा बघूया?'
मलाही अगदी तेच वाटत होतं,
म्हणून घाबरले.
'उघडूया,' म्हटलं.
एदेल्मिरा सिस्टर काहीच बोलली नाही.
मोठ्या हत्यारांचा ट्रे तिनं
दहा मिनिटांपूर्वीच जवळ ओढून ठेवला होता.

वायू सुटला, पोट खाली बसलं.
पडदा काळा झाला, त्यात आम्हीच दिसलो,
टोप्या घातलेले, उभे.

उजव्या बरगडीखाली तिरका छेद, वीतभर.
मग हात टेकले.
हरल्यावर टेकतात तसे,
आणि अंधारात भिंत चाचपताना टेकतात तसेही.
कॅमेऱ्याला जे सापडत नव्हतं
ते बोटांनी एकेक करून सांगितलं:
हा खडा, हा ठोका,
आणि ही ती, हिला धक्का लावू नकोस.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना
एल्सिरानं मान वाकवून पाहिलं.
मी वाक्यं तयार ठेवली होती,
सुरक्षितता, नाइलाज, वगैरे.
तिनं टाक्यांशेजारी हात पसरला.
'ही तुझी वीत,' म्हणाली, 'माझी मोठी आहे.'

मग, 'ओझं कधी उचलू?'
'सहा आठवडे नाही.'
'आणि लाकडं? ती कोण फोडणार?'
खिडकीबाहेर सगळ्या शहराचा धूर होता.
मला उत्तर नव्हतं.

'चार,' ती म्हणाली,
बाजारात भाव करावा तसं.
'सहा.'
या वेळी मी बहुतेक म्हटलं नाही.