कडी

बाथरूमची कडी पप्पांनी काढली
त्याला आता सात वर्षं झाली.
चार स्क्रूंची चार भोकं उरली दारात.
आईनं ती साबणाच्या चिपट्यांनी बुजवली,
पण उन्हाळ्यात साबण वाळतो, गळून पडतो.
आत मी गाणं म्हणत अंघोळ करतो.
गाणं थांबलं की कुणीतरी दार ढकलायचं
असं ठरलंय आमच्या घरात.
सव्वीस वर्षांचा आहे मी.
आता मला एकही गाणं आवडत नाही.

येण्याआधी वास येतो,
पिकून काळ्या पडलेल्या केळीचा.
सावद्यात हा वास कुठं नसतो?
ट्रकच्या हौद्यात, वखारीच्या बोळात,
टोपलीतल्या शेवटच्या फणीला.
प्रत्येक वेळी मी भिंत धरून थांबतो,
विचारतो स्वतःला, हा बाहेरचा की आतला?
बहुतेक वेळा बाहेरचा असतो.
बहुतेक.

पुढचं मला लोकांनी सांगितलेलं.
माझ्या वाट्याला फक्त शेवट येतो:
नाकाशी कुणाची तरी चप्पल,
जिभेवर रक्त, पँट ओली,
आणि वर, आभाळाच्या कडेनं, वाकलेली तोंडं.
"बरं हाये ना भो?"
"बरं हाये."
तेवढंच बोलता येतं त्या वेळी
आणि तेच मग वर्षभर धरून चालतात.

गाडी चुलतभावानं नेली. रात्रीची मोटार लावायला
आता बटईदार जातो.
न्हावीचं स्थळ आलं तेव्हा
मामांनी भुवईवरच्या खुणेला पित्ताची चक्कर म्हटलं.
मीच सांगून टाकलं खरं काय ते.
बशीतले पोहे तसेच राहिले.
आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात
नेहमीपेक्षा जास्त भरीत होतं.

फिट तीन मिनिटांची.
महिन्या-सव्वा महिन्यातून एक.
हिशेब केला मी एकदा कॅलेंडरच्या मागे:
वर्षाकाठी जेमतेम अर्धा तास.
त्या अर्ध्या तासासाठी सकाळी दोन गोळ्या, रात्री तीन.
उरलेल्या वर्षासाठी
कुणी काही लिहून दिलं नाही.
ते वर्ष मी पंख्याखाली पडून काढतो,
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
दाढीचं सामान काढतो, परत ठेवतो.

यावेळी जळगावच्या दवाखान्यात
नव्या बाईंनी एक कागद हातात दिला.
गेल्या चार आठवड्यांत किती वेळ
मन इतकं खचलं की कशानंच उभारी येईना?
सतत. बराच वेळ. कधीकधी. कधीच नाही.
एका चौकटीत खूण करा.
पप्पा खांद्यावरून वाचत होते.
"कधीच नाही लिही. जेवतो चांगला, मॅडम."

समोरच्या बाकावर चोपड्याचा एक जण,
मांडीवर हेल्मेट.
विचारलं, गाडी कोणती?
"गाडी नाही. एसटीनं आलो.
हे पायी चालताना घालतो.
गाव हसतं, हसू दे,
टाळूला बारा टाके आहेत."
जरा वेळानं मी हळूच विचारलं,
"कडी?"
"काढली ना! माझ्या तर
खोलीचीपण."
मग आम्ही दोघं असे हसलो
की नंबर पुकारणारा थांबला,
आणि हसता हसता त्याचे डोळे भरले की माझे,
ते मी बघितलं नाही.

पप्पांना म्हटलं, खाली गाडी आडवी लागलीय, बघून या.
ते गेले. जिन्यात दोनदा थांबल्यासारखे वाटले.
माझं पेन चालेना.
हेल्मेटवाल्यानं त्याचं दिलं.
'कधीकधी'वर खूण केली, खोडली.
'बराच वेळ'वर केली.
तीही खोडली.
कागद इतका गिचमिड झाला की मी म्हणालो,
"दुसरा द्या, खाडाखोड झाली."

बाईंनी कागद उलटून पालटून बघितला.
म्हणाल्या, "राहू दे.
कळतंय."