शंट

विश्राम धुरींनी चाक केलंय,
नातवाच्या जुन्या सायकलचं.
कडेला आठ चुंबकं, फुटक्या स्पीकरांतून काढलेली,
खाली कॉइल, नऊशे वेढ्यांची.
काकींनी पुन्हा मोजले,
नऊशे तीन निघाले.

भांडुपला, टेंभीपाड्यात, फ्रिजच्या डोक्यावर
आठ महिने फिरतंय ते
बारा व्होल्टच्या बॅटरीवर.
वही पुढे करतात: एकतीस मिलीअँपियर.
"एवढ्याशावर एवढं फिरतं, पोरी?
कुठूनतरी वरचं येतंय की नाही?"

मी लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात,
वीस वर्षं मीटर दुरुस्त करते.
आकड्यांचे स्वभाव मला ठाऊक आहेत.
काका, मीटर खोटं बोलत नाहीये,
त्याचा घास लहान आहे.
चुंबक समोर आलं की रीड स्विच मिटतो,
सहा मिलिसेकंद, तीन अँपियरपर्यंत,
मग नव्वद मिलिसेकंद काहीच नाही.
तीन त्याच्या तोंडात मावत नाहीत,
मावलं तेवढंच सांगतो.
शिवाय स्वतःच वाटेत उभा:
बघा, तो लावला की चाक दमतं.

मीटर काढला. शंट लावला,
ओहमचा दहावा हिस्सा,
खडूच्या तुकड्याएवढा, पांढरा.
स्कोपच्या हिरव्या पडद्यावर
करंट दिसला:
डोंगरातल्या वस्तीची वाट चढावी तसा चढत,
वर पोचतो न पोचतो
तोच कडा.
आणि कड्यावरून पडतानाच
टोकाला लावलेला निऑन चमकतो,
बंद होताना, फक्त बंद होताना.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"हा रोज असाच होता?"
"रोज."

काकी ओट्याशी तांदूळ निवडत होत्या.
"आपलं पाणी नाही का," म्हणाल्या,
"पहाटे पाऊण तास काय ते धो धो.
बाकी दिवस पिंप."

मी हातातला सोल्डर तसाच धरून राहिले.
मग पिंपच लावलं:
बॅटरी, तिच्यापुढे दहा अँपियरवरचा मीटर,
मीटरपुढे दोन जाडजूड कपॅसिटर.
आकडा नाचायचा थांबला.
एकशे बारा.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
चाकाचा आवाज तेवढा, टिक् टिक्,
कुणीतरी दाराची कडी हळू वाजवावी तसा.
काकांनी एकतीसवर रेघ ओढली,
खोडलं नाही, नुसती रेघ.
शेजारी एकशे बारा.
मागची पानं चाळली, आठ महिन्यांची,
प्रत्येक तारखेचं देणं अंगावर आल्यासारखी.
"मग बंद करू?"
काकी तांदळातून मान वर न काढता,
"राहू दे. समईचं तेल कुठे फुकट येतं?"

शंट मी तिथेच विसरले.

पुढच्या गुरुवारी दुकानात फोन,
नमस्कार नाही, हॅलो नाही.
"एकशे चार," म्हणाले.
"बेअरिंगला तेल दिलं."