खुंटी

अकरा हिवाळे ती माझ्या चढावर येते.
पहिल्या वर्षी टोपी हातात धरून विचारलं होतं तिनं,
"तुमच्या मेंढ्यांना चालेल ना?"
मी म्हटलं, मेंढ्यांनाच विचार.
तिनं खरंच विचारलं.
तेव्हापासून फाटकाची कडी सैल ठेवतो.

सुन्नुवा. राजधानीत आकाशाचा हिशेब ठेवायची नोकरी आहे तिला.
ध्रुवीय प्रकाश उतरला की साक्सुनच्या खाडीवर
हिरवं काहीतरी सरकत जातं,
वाळत घातलेली चादर वाऱ्यानं ओढावी तसं,
आणि ही काखेत बोटं खुपसून मोजत बसते:
आठ सेकंद, बारा सेकंद, पुन्हा आठ.
जादाची बॅटरी स्वेटरच्या आत पोटाशी धरलेली,
आईनं टाकलेल्या कोकरासारखी.

मला त्या उजेडाचं फारसं कौतुक नाही.
त्याच्या प्रकाशात मी चुकलेली मेंढी शोधलीय,
एकदा भावाशी भांडलोय.
ती म्हणते, "हा लहरी आहे, तोरोद्दुर.
येतो म्हणतो नि येत नाही.
ग्रहणाचं तसं नसतं. ते वेळेवर येतं."

त्या एका सकाळसाठी सहा वर्षं आधी
तिनं माझ्या गवतात लोखंडी खुंटी ठोकली.
इथंच तिपाई, इथंच लेन्स, सूर्य अमुक अंशांवर.
दर कापणीला मी विळा हातात घेऊन
तिला वळसा घालत आलो.

ग्रहण वेळेवर आलं.
आभाळ त्याच्या आधीच येऊन बसलं होतं.

पाहुणे जहाजांनी आलेले, खाली रस्त्यावर
काळे चष्मे लावून ढगाकडे बघत उभे.
कोणी हसलं. मग हसणं थांबलं.
समुद्रावरून अंधार चालत आला,
ढगांच्या पोटाखालून, पायांचा आवाज न करता,
आणि आठच दिवसांपूर्वी परतलेले चाल्डुर पक्षी
वाक्याच्या मधेच गप्प झाले.
कुत्रं माझ्या बुटावर बसलं.
मेंढा गोठ्याकडे वळला, जणू त्याला उशीर झाला होता.

सुन्नुवानं कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला.
कॅमेरा तिच्या आज्ञेत होता, टिपत राहिला:
टक्. टक्. टक्.
दोन मिनिटं नुसता राखाडीतला काळा.
ती वर बघत नव्हती. चारी बाजूंना बघत होती,
नव्या घरात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखी.

उजाडल्यावर दगडावर बसून
आम्ही सुकवलेलं मटण नि भाकरी खाल्ली.
ती रडली नाही.
नाक मी शिंकरलं. थंडी होती.

उन्हाळ्यात एक फोटो घेऊन आली.
सगळा काळा, आणि खालच्या कोपऱ्यात
पिवळा ठिपका, बाजरीच्या दाण्याएवढा.
मुलीनं डेन्मार्कहून पाठवलेला गोठ्याचा दिवा,
अंधार पडला की आपोआप लागणारा.
त्यावर मी किती कुरकुरलो होतो,
वीज फुकट जाते म्हणून.
"साठ फोटोंत," ती म्हणाली,
"रात्र झाली असं एवढ्यानंच मानलं."

तो फोटो चुलीच्या वर लावलाय.
लोक विचारतात, काच काळवंडली का?

पुढचं कधी, मी विचारलं.
इथं? तिनं बोटांवर मोजलं नाही, पाठ होतं.
"दोनशे तीस वर्षांनी."
बरं, म्हटलं, तोवर कुंपण नीट करून घेतो.
जाताना ती खुंटीजवळ वाकली,
दोन्ही हातांनी हलवून पाहिली.
"काढून टाकू?"

राहू दे.
मला आता वळसा घालायची सवय झालीय.