पाठपुरावा

सिनेटच्या दारात रक्षकानं पिशवी उघडली:
प्लॅस्टिकचे चोवीस मणके,
दोन सुतळीनं बांधलेले.
तो हसला. लोर्ना नाही हसली.

आयोवाहून पंधरा तास गाडी हाणत आलो.
मी तिची बिलं लिहिते, म्हणून सोबत.
तिच्या विद्येवर माझा पुरता विश्वास नाही,
पण हिशेब मला कळतो:
मेडिकेअर मणका बसवायचे पैसे देतं,
तपासायचे देत नाही.
कुलूप उघडा म्हणे,
कुठलं ते बघू नका.

सिनेटरबाई मतदानाला गेलेल्या.
भेटला त्यांचा मदतनीस, तेविशीचा पोरगा,
मान फोनात खुपसलेली.
अकरा मिनिटं.
मी विल्डा ओस्टरकँपचं सांगितलं,
एक्स-रेचे पैसे महिना दहा डॉलरनं फेडते,
कधी नुसती चिल्लर.
त्यानं आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

निघताना लोर्ना वळली.
"डावा खांदा कधीपासून दुखतोय?"
तो गप्प. मग हळूच,
"मार्चपासून."

तिचा हात उचलला गेला,
अर्ध्यात थांबला,
पिशवीच्या बंदावर परत आला.
"असं नाही," म्हणाली,
"आधी तपासावं लागतं."