दोन पट्ट्यांचं रोप

सदलग्याच्या अलीकडे वळणावर मैलाचा दगड आहे.
एका अंगाला कन्नड अक्षरं, दुसऱ्या अंगाला डांबर.
डांबराखाली काय होतं ते सगळ्यांना पाठ.
पण गाव दगडात नसतं. गाव पुढे,
पाऊण कोसावर, आपल्या कुत्र्यांसकट.

पट्टणशेट्टी मॅडमनी मला मार्कर असाच समजावला:
गुण दिसत नाही, खूण दिसते.
ती गुणाच्या शेजारी राहते, म्हणून तिला विचारायचं.
शंभरात एखाद्या वेळी मात्र
दगड एका वाटेनं जातो, गाव दुसऱ्या.
"मग?"
"मग फसायचं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

आम्हाला एक नसलेली गोष्ट हवी होती.
सोयाबीनच्या अख्ख्या दाण्याला वास नसतो.
दाणा फुटला, पाणी लागलं,
की आतलं एक विकर तेलाला गाठतं
आणि दूध हिरवट, कच्चट होतं;
शाळेतली पोरं नाक दाबून पेला खिडकीबाहेर ओततात.
ते विकर ज्याच्यात जन्मलंच नाही असं वाण
दूरच्या पाकिटातून आलं होतं: खुजं, किडकं, शेंगा मोजून सहा.
त्याचं ते नसणं तेवढं
आमच्या काळ्या रानातल्या झाडात आणायचं.

बायाक्का आणि मी पहाटे सरीत,
फुलं उमलायच्या आत.
फूल जोंधळ्याच्या दाण्याहून थोडं मोठं.
चिमट्यानं पुंकेसर काढा, परका पराग लावा, लाल दोरा बांधा.
दहातली सात गळतात.
बायाक्का प्रत्येक दोऱ्याला विचारायची,
"ऱ्हातीस का जातीस?"

दुसऱ्या पिढीची तीनशे बारा रोपं.
बारा दिवसांच्या पानाला टिकलीएवढं भोक,
टिकली नळीत, नळीतलं पाणी जेलमध्ये,
आणि रात्री साडेनऊला जांभळ्या दिव्याखाली
नारिंगी पट्ट्या.
वरची: वास आहे. खालची: वास नाही.
दोन्ही असल्या तर?
मॅडम मराठी शब्द शोधत राहिल्या.
मी म्हटलं, दुभाषी.
वहीत तोच शब्द पडला.

दुभाषी. वरची. दुभाषी. दुभाषी. खालची.
चारात दोन निघणारच, गणितच आहे ते.
माझी आई हुक्केरीची, बाबा कागलचे;
भांडण कन्नडात पेटायचं, मराठीत विझायचं.
नियम असा, की एकटी खालची पट्टी ठेवायची.
एकशे एकोणसाठ दुभाषी मी माझ्या हातानं उपटली,
हिरवीगार. कसलाच दोष नव्हता त्यांच्यात.

चौथ्या वर्षी ओळीओळीचं दूध काढलं.
"वासने इल्ला!" मॅडम नाचायच्या बाकी होत्या.
बायाक्का म्हणाली, "वासनाच न्हाई? मग जगतंय कशापायी?"
आणि हसता हसता पेले हुंगत गेली.
एक. दोन. सतरा.
"पाण्यागत हाय," तक्रारीच्या सुरात.
एकेचाळीसपाशी थांबली.
पुन्हा हुंगलं. दाणा मागून घेतला, दातानं फोडला.
"हे बोलालंय बगा."

एकेचाळीसची पट्टी खालचीच होती.
मॅडमनी जेल पुन्हा चालवलं: खालचीच.
मग विकराची तपासणी केली, रात्री उशिरापर्यंत,
आणि विकर होतं. मजेत होतं.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
घरी जाताना वळणावर मी गाडीचा वेग कमी केला,
दगड जागेवर आहे का बघायला.

आता दर हंगामात बायाक्काचा अर्धा दिवस हुंगण्याचा.
हजेरीपटात ह्या कामाला रकाना नाही.
मॅडम 'इतर' खाली लिहितात,
आधी कन्नडात, मग तिला वाचता यावं म्हणून
मराठीत.