सहावी ब

मतदानाच्या आदल्या रात्री
घणसोलीच्या महापालिका शाळेत, खोली क्रमांक चार,
यंत्रांशेजारी आम्ही दोघंच जागे:
मी, पहिली मतदान अधिकारी,
आणि हवालदार साळुंके,
पहिलीच्या बाकात गुडघे मावेनात म्हणून
आडवे बसलेले.

संध्याकाळी गेटवर दोन पक्षांची पोरं वाद घालत होती.
एक म्हणाला, मास्तरांना सुट्ट्याच सुट्ट्या, वर पगार कसला वाढवून मागतात?
दुसरा म्हणाला, आणि पोलीस? नाक्यावर उभं राहून वसूल करतातच की.
मग दोघांनी फोन चार्जिंगला
आमच्याकडेच आणून दिले.

साळुंक्यांच्या स्लिपवर अजून सायकल भत्ता येतो म्हणे.
आणि सायकल?
"चोरीला गेली. ठाण्याच्या आवारातनं."
तक्रार?
"कुणाकडं करू? त्या दिवशी ठाणे अंमलदार मीच."
हसलो. डास मारले. थंड पुलाव अर्धा अर्धा.
मी सांगितलं, शिक्षणसेवक होते तेव्हा घरमालकीण विचारायची,
मानधन म्हणतात ना गं, मग यातलं धन कुठंय?
आता धन आलंय थोडं.
पुढचं दोघंही बोललो नाही.

दोनच्या सुमारास ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर विरळ झाले
तेव्हा ते म्हणाले,
माझीपण एक चौकशी झालीय, मॅडम.
तुर्भ्याला. खाणीजवळची वस्ती.
मोबाईल चोरीचा संशय, पोरगं बारा वर्षांचं.
एकच मारली.
एकच, असं त्यांनी दोनदा सांगितलं.
कानातून रक्त आलं.
संस्थावाले आले, पेपरात चार ओळी आल्या,
मग सुटलो.
कसे?
शाळेच्या हजेरीपटानं.
त्या दिवशी, त्या वेळी पोरगं वर्गात होतं.
तसं लिहिलेलं होतं. खाली मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का.
वर्गात होतं म्हणजे चौकीत नव्हतं,
चौकीत नव्हतं म्हणजे
कुणी मारलंच नाही.

नाव?
मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

खेमू राठोड.

खेमू जूनमध्ये नऊ दिवस आला.
मग बापामागून क्रशरवर गेला.
मी रोज त्याला हजर लावत राहिले.
पट घसरला की तुकडी जाते,
तुकडी गेली की बाई जाते,
खिचडीचा तांदूळही पटावर मोजून येतो,
आणि खरं सांगायचं तर
वाटायचं, येईल कधीतरी,
नाव तरी राहू दे.
निळ्या शाईची एवढीशी तिरपी रेघ.

मी म्हटलं, तो पट माझा होता.

बराच वेळ पंखाच कुरकुरत होता.
मग साळुंके उठले, टोपी काढली,
हात जोडले.
"उपकार झाले, मॅडम. माझी दोन पोरं शिकली त्यावर."
हात खाली घ्या, मी म्हटलं.
त्यांनी घेतले नाहीत.
हात खाली घ्या हो.

पहाटे अभिरूप मतदान.
पन्नास मतं टाकली, पन्नास निघाली.
हिशेब जुळला, एजंटांनी सह्या केल्या.
सातला दार उघडलं.
माझं काम एवढंच, यादीतलं नाव
सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं.
वाचत गेले.
अकराच्या आसपास घणसोली गावातले एक आजोबा,
हिराजी मढवी,
नाव ऐकताच छाती काढून म्हणाले,
हजर!

अख्खी खोली हसली.
दारातले साळुंके बुटांकडे बघत राहिले.

मी मान वर केली,
आधी माणूस पाहिला, नीट, दोन्ही कानांसकट,
आणि मगच त्या नावावर
लाल शाईची तिरपी रेघ ओढली.