ओलं की सुकं

कुडाळच्या डॉक्टर नेरूरकरांनी
गोबऱ्याचं पोट चाचपलं, नळी घातली,
वाटीभर लालसर पाणी काढलं
आणि मला विचारलं, याला खायला काय घालता?

काय सांगू.
वेंगुर्ल्याच्या बाजारात तीस वर्षं मी सुकं विकते.
गोलमा, बोंबील, खारा बांगडा.
हाताचा वास साबणाने जात नाही,
हा बोका त्या वासावरच तर आला घरात.
बंदीच्या महिन्यांत ताजं नसतं,
तेव्हा लेकीने पुण्याहून धाडलेली पिशवी,
तपकिरी दाणे. कुरुमकुरुम खायचा.
मला बरं वाटायचं,
माझ्याच धंद्यातलं गिऱ्हाईक.

डॉक्टर म्हणाले, मांजराला तहान उशिरा कळते.
शिकारीच्या अंगातलं पाणी, तेच त्याचं पाणी.
कोरडं खाऊन वाटीकडे बघत नाही,
मग लघवीत खडे.
डब्यातलं ओलं द्या. खारं तर बंदच.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
इथे सुक्यानेच आतून जाळलं.

डबा पंच्याण्णव रुपये.
वर माशाचं चित्र, मासा थायलंडचा.
धक्क्यावरचा कुबल हसला,
"काकी, ह्या म्हणजे माडाखाली बसान
पुड्यातला खोबरा!"
हसू दे.

गुणाजींना दिवसाला पाऊण लिटर.
डायलिसिसच्या आदल्या रात्री
मी तांब्या कपाटावर ठेवायचे,
ते बर्फाचा खडा गालात धरून
खाडीकडे बघत बसायचे.
चार वर्षं मी एका माणसाचं पाणी मोजलं,
कमी, अजून कमी.
आता हे डॉक्टर सांगतात, जास्त.
लपवून घाला, अन्नात मिसळा, फसवून पाजा.

ते जमेल. लपवायचा हात बसलाय.

रात्री अर्धा डबा.
सकाळी तेच दाणे, दुप्पट पाण्यात भिजवून.
एवढंच परवडतं.
डॉक्टर "चालेल" म्हणाले, मान जरा वाकडी करून.
गोबऱ्याने दोन दिवस तोंड फिरवलं,
माझ्याकडे असं बघितलं
जसं गिऱ्हाईक बघतं दमट सुकटीकडे.
तिसऱ्या दिवशी वाटी चाटली.

आज पहाटे वाळूच्या घमेल्यात
लिंबाएवढा ओला गोळा.
मी तिथेच उकिडवी बसले
आणि मागे वळून म्हणाले,
अहो, झाली.
भरपूर झाली.